न बदलणाऱ्या नायकाची पटकथा

लॉस एंजेलिसमध्ये पटकथालेखनाचा एक सायंकालीन अभ्यासक्रम मी केला. त्याच्या शेवटच्या सत्रात एखादी जुनी दूरचित्रवाणी मालिका निवडून तिच्यावरून पूर्ण लांबीच्या चित्रपटाची पटकथा लिहावी लागते. हे काम केवळ सरावाचे असल्यामुळे हक्क मिळवण्याचा प्रश्न नसतो. मी ‘गेट स्मार्ट’ निवडली. मेल ब्रुक्स आणि बक हेन्री यांनी निर्माण केलेली, हेरकथांची टर उडवणारी ही मालिका १९६५ मध्ये एनबीसीवर सुरू झाली, शेवटच्या हंगामात सीबीएसवर गेली आणि १३८ भागांनंतर १९७० मध्ये संपली. इतकी सामग्री हाताशी असताना पटकथा सहज उभी राहील, असे वर्गातल्या बहुतेकांना वाटत होते.

अडचण सामग्रीची नव्हती, नायकाची होती. डॉन ॲडम्स यांनी साकारलेला मॅक्सवेल स्मार्ट, म्हणजे एजंट ८६, हा ‘कंट्रोल’ या सरकारी गुप्तहेर संस्थेचा माणूस आहे आणि ‘केऑस’ नावाच्या दुष्टांच्या संघटनेशी त्याचा कायमचा लढा आहे. आपण किती धांदरट आहोत याचा त्याला पत्ता नसतो आणि सगळा विनोद त्या अज्ञानावर उभा आहे. जाहिराती वगळता पंचवीसएक मिनिटांच्या भागात हे छान चालते, कारण पुढच्या आठवड्यात तो पुन्हा तसाच भेटावा हीच प्रेक्षकांची अपेक्षा असते. चित्रपटाच्या प्रेक्षकाला मात्र दोन तास बसवून ठेवायचे असते आणि शेवटी नायक सुरुवातीपेक्षा वेगळा झालेला दिसावा, असा आमच्या शिकवणाऱ्या बाईंचा आग्रह होता. स्मार्टला स्वतःच्या उणिवा कळू दिल्या तर त्याच क्षणी तो विनोदी राहत नाही, आणि कळू दिल्या नाहीत तर कथा जागची हलत नाही.

लिहायला बसण्याआधी याच मालिकेवरून निघालेले दोन चित्रपट मी वही घेऊन पाहिले. १९८० च्या ‘द न्यूड बॉम्ब’मध्ये ॲडम्स होते, पण त्यांच्या जोडीची एजंट ९९, म्हणजे बार्बरा फेल्डन, नव्हत्या, ‘कंट्रोल’च्या जागीही दुसरीच संस्था आली होती. जगातले सगळे कपडे नष्ट करणाऱ्या बाँबची कल्पना एका भागापुरती बरी होती, चित्रपटभर ती ताणवली नाही. मालिकेतला एकच माणूस उचलून आणला तर मालिका आपोआप मागून येत नाही, एवढे त्यातून समजले.

२००८ च्या चित्रपटाने हाच पेच अधिक विचारपूर्वक सोडवला आहे. टॉम ॲस्टल आणि मॅट एम्बर यांच्या पटकथेत स्टीव्ह कॅरेलचा मॅक्स हा कार्यालयात बसून शत्रूच्या संभाषणांचे बारकाईने विश्लेषण करणारा हुशार माणूस आहे. त्याला प्रत्यक्ष कामगिरीवर जायचे असते आणि तो अचानक जातो. त्याच्याकडे अनुभव नाही, पण अक्कल आहे, त्यामुळे त्याला प्रगतीला वाव मिळतो. शत्रूचे हस्तकही संसारी माणसे असतात हा त्याचा सिद्धान्त पुढे उपयोगी पडतो: दलीपसिंग राणा, म्हणजे आपल्याकडे परिचित असलेला ‘द ग्रेट खली’, याने रंगवलेल्या धिप्पाड हस्तकाला तो त्याच्या बायकोविषयी सल्ला देतो. रचना म्हणून हे निर्दोष आहे. तरीही माझ्या मते त्याची किंमत मोजावी लागली आहे, कारण ॲडम्स यांच्या स्मार्टचा तो अढळ, निराधार आत्मविश्वास या शहाण्या माणसात उरत नाही.

म्हणून मी मॅक्सला हात न लावता बदल ९९ च्या वाट्याला देण्याचे ठरवले. मालिकेत ती त्याच्यापेक्षा उघडच अधिक चतुर आहे. अनेकदा खरी युक्ती तिची असते आणि श्रेय त्याला मिळते. साठच्या दशकात ती हसून ते सोडून देते आणि प्रेक्षकही सोडून देतात. आजच्या चित्रपटात पहिल्या वीस पानांतच कोणीतरी विचारणार, की ही बाई या माणसाबरोबर का राहते? हा प्रश्न टाळण्याऐवजी मी तोच पटकथेचा कणा केला. सुरुवातीला ती दुसरा जोडीदार मिळावा म्हणून अर्ज करते, आणि शेवटपर्यंत तो अर्ज तिच्या पिशवीत असतो.

उत्तर मला मालिकेच्या पहिल्याच भागात सापडले. शत्रूच्या तावडीत असलेला स्मार्ट धमकी देतो, की तटरक्षक दलाच्या सात नौका इकडे येत आहेत. समोरचा विश्वास ठेवत नाही, तेव्हा तो सहावर येतो, आणि मग होडीतल्या दोन पोलिसांवर. हा उतरत्या थापेचा विनोद मालिकेत पुन्हा पुन्हा येतो आणि मी तो आजवर केवळ हातखंडा म्हणूनच पाहिला होता. पण ज्या व्यवसायात प्रत्येक जण बेमालूम खोटे बोलतो, तिथे ज्याचे खोटे दोन वाक्यांत उघडे पडते असा हा एकमेव माणूस आहे. ९९ ने विश्वास ठेवावा असे याहून सबळ कारण मला सुचले नाही.

त्यावरून उत्कर्षबिंदूही हाती आला. शेवटी खरोखरच नौदल येत असते, मॅक्स ते खरे खरे सांगतो आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर अविश्वास दिसताच सवयीने आकडा खाली आणत होडीपर्यंत पोहोचतो; खलनायक निर्धास्त होतो आणि पकडला जातो.

काळ कोणता ठेवायचा यावर वर्गात बरीच चर्चा झाली. १९६५ चाच काळ ठेवला असता तर मालिकेतला स्मार्टचा बुटात लपवलेला फोन जसाच्या तसा चालला असता. पण मूळ मालिका स्वतःच्या काळातल्या सरकारी कारभाराला हसत होती. आपण तोच काळ ठेवून आजोबांच्या पिढीला हसणे हे फार सोपे आणि काहीसे भेकड वाटले. आजच्या काळात मात्र प्रत्येकाच्या खिशात फोन असल्यामुळे बुटातल्या फोनची गंमत गेली आहे. २००८ च्या चित्रपटाने तो संग्रहालयात ठेवून मार्ग काढला. मी तो काढूनच टाकला. याउलट गुप्त बोलण्यासाठी डोक्यावर उतरणारे आणि आतल्यांनाच एकमेकांचे काही ऐकू न देणारे ‘कोन ऑफ सायलेन्स’ आज अधिकच विनोदी वाटते. ऑनलाइन बैठकींत आवाज बंद असताना हातवारे करत बोलणारे सहकारी आता सर्वांनीच पाहिले आहेत.

पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, या हिशेबाने माझा पहिला खर्डा फारच लांबला होता. वर्गातल्या सामूहिक वाचनात मधला भाग पडला. मालिकेतले लोकप्रिय विनोद मी तिथे एकामागून एक ओळीने मांडले होते आणि ज्यांनी ती मालिका कधी पाहिली नव्हती ते तरुण विद्यार्थी शांत बसून होते. जो विनोद मालिकेच्या आठवणीशिवाय हसवत नाही तो काढायचा, ही कसोटी लावल्यावर पाने बरीच कमी झाली.

शेवटच्या पानावर मात्र मतभेद राहिले. मॅक्स आणि ९९ यांचे लग्न जुळावे, असे बाईंचे म्हणणे होते. मालिकेत १९६८ मध्ये ते झालेही, पण माझ्या कथेतला प्रश्न कामातल्या विश्वासाचा होता. मी लग्न ठेवले नाही. ९९ कामगिरीचा अहवाल लिहिते, प्रत्येक युक्ती कोणाची होती हे त्यात प्रथमच खरे खरे नोंदवते आणि मॅक्स तो न वाचता, आपल्याच कर्तृत्वाचा अहवाल समजून ऐटीत सही करतो. बाईंनी त्यातले दोन संवाद कापायला सांगितले, ते मी कापले, आणि पटकथा तशीच सादर केली.