तडे पाडून केलेली नॅनोचॅनेल्स

नॅनोफ्लुइडिक्स, म्हणजे नॅनोमीटरमधल्या बारीक चॅनेल्समधून द्रव खेळवण्याचं शास्त्र, म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर क्लीनरूमच (धूळ येऊ न देणारी लॅब) येते, पांढरे सूट, पिवळा लाइट आणि तासावर पैसे मोजायला लावणारं, इलेक्ट्रॉनच्या झोताने बारीक आकार काढणारं ई-बीम मशीन. कितीतरी मुलं इथेच विषय सोडून देतात, आणि मला ते फार खटकतं, कारण नॅनोमीटरमधली चॅनेल्स करायला दरवेळी एवढा थाट लागतोच असं नाही.

माझी सगळ्यात आवडती पद्धत म्हणजे तडे पाडायची. मिशिगन युनिव्हर्सिटीत ताकायामा आणि थाउलेस यांच्या टीमने 2007 मध्ये ही चॅनेल्स नेचर मटेरियल्स या जर्नलमध्ये छापली. लागतं काय, तर पीडीएमएस, मायक्रोफ्लुइडिक्सवाल्यांचं रोजचं सिलिकॉन रबर. बेस आणि क्युरिंग एजंट (त्याला घट्ट करणारं रसायन) 10:1, मस्त घोटायचं, घोटताना इतके बुडबुडे भरतात की सगळं पांढरं दिसतं, मग व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवा काढून घेतलेल्या भांड्यात, ठेवलं की फेस आधी फुगून वर येतो आणि सावकाश खाली बसतो, एकदम नितळ झालं की ओव्हनमध्ये. तयार पट्टीला ऑक्सिजन प्लाझ्मा (विद्युतभारित ऑक्सिजन वायू) दिला की वरचा अगदी पातळ थर सिलिकासारखा, म्हणजे काचेसारखा कडक होतो, खालचं रबर मऊच राहतं. आता पट्टी ताणायची. रंग लावलेला फुगा फुगवला की रंग तडकतो ना, तसंच, फक्त इथे भेगा ताणाच्या काटकोनात आणि एकमेकींना समांतर येतात. वरून दुसरा पीडीएमएसचा तुकडा चिकटवला की प्रत्येक भेग म्हणजे त्रिकोणी तोंडाचं एक बंद चॅनेल.

आणि खरी कमाल पुढे आहे, ताण वाढवला की चॅनेल उघडतं, सोडला की मिटत जातं! काचेत कोरलेलं चॅनेल कायम तेवढंच. डीएनए जेमतेम 2 नॅनोमीटर जाड, पण पाण्यात तो गुंडाळी होऊन बसतो आणि अरुंद जागेत सहजी शिरत नाही. इथे दार उघडून त्याला आत घ्यायचं आणि मग भिंती जवळ आणायच्या, तो आपोआप सरळ होतो. 2012 मध्ये याच ग्रुपने क्रोमॅटिनचा (प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएचा) एकेक धागा असाच लांब करून दाखवला.

अडचणी आहेतच. भेगा आपल्या मनासारख्या जागी येत नाहीत, त्यासाठी आधी टोकदार खाचा ठेवाव्या लागतात म्हणजे तडा तिथूनच सुरू होतो. पंपाने पाणी ढकलणंही अवघड, कारण चपट्या चॅनेलची उंची निम्मी केली की रेझिस्टन्स आठपट होतो. पण भिंती पाण्याला धरणाऱ्या असतील तर 100 नॅनोमीटरच्या फटीत केशाकर्षणाचा दाब जवळजवळ 14 अ‍ॅटमॉस्फिअरपर्यंत जातो, पाणी स्वतःच आत ओढलं जातं. फक्त प्लाझ्मानंतर लगेच भरायचं, ठेवून दिलं तर पृष्ठभाग पुन्हा पाणी झटकायला लागतो.

कोणी करून बघणार असेल तर पहिल्यांदा झाकण लावायच्या मागे लागू नका. नुसत्या भेगा पाडा, ताणलेल्या अवस्थेतच पट्टी साध्या मायक्रोस्कोपखाली धरा आणि ताण कमीजास्त करत बघत बसा, कुठे किती अंतरावर येतात ते नीट कळलं की पुढचं सोपं जातं.