दहा सेकंदांची पट्टी

मी सिस्टर नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण दिवसातनं पन्नास वेळा मला कुणीतरी सिस्टर म्हणतं आणि आता मीपण ओ देते. मी ईसीजी टेक्निशियन, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढणारी, मिरजेतल्या एका दवाखान्यात, १४ वर्षं झाली. मिरज म्हणजे दवाखान्यांचंच गाव, सांगली-जत-तासगाव तर आलंच पण पार अथणी-चिकोडीकडनंही पेशंट येतात, त्यामुळे हलू नका बोलू नका हात सैल सोडा एवढं कन्नड मला झोपेतही येतं. परवाच्या मंगळवारचं काही केल्या डोक्यातनं जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

लोकांना वाटतं बटण दाबलं की पट्टी बाहेर येते, त्यात काय एवढं. अहो, लाल क्लिप उजव्या हाताला आणि पिवळी डाव्या, ही एवढीच अदलाबदल झाली तरी पहिली लीड, म्हणजे पट्टीवरची पहिली रेघ, उलटी येते आणि धडधाकट माणसाच्या रिपोर्टवर कायच्या काय छापून येतं. छातीला चिकटवायचे सहा रबरी बल्ब तर अंदाजे लावायचेच नसतात. गळ्याखालच्या खळगीतनं बोट खाली सरकवत आणलं की एक उंचवटा लागतो, तिथली ती दुसरी बरगडी, तिच्याखालची फट दुसरी, तिथनं मोजत चौथ्या फटीत व्ही-वन, म्हणजे पहिला बल्ब. बायकांना व्ही-फोर स्तनाच्या खाली लावावा लागतो, वर नाही, आणि आमच्याकडची निम्मी पोरं लाजून वरच चिकटवतात, मग त्या बाईला उगाच इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, पाठवतात. आणि घाबरलेला पेशंट आला की तो थरथरत असतो, पट्टी नुसती काट्याकुट्यांची येते. नवीन पोरं लगेच फिल्टर लावतात. मी लावत नाही, फिल्टरने थरथर जाते पण बारीक गोष्टीही पुसल्या जातात. मी दोन्ही तळहात कमरेखाली दाबून ठेवायला सांगते, अंगावर चादर टाकते, अर्धा मिनिट थांबते. निम्मं काम तिथेच होतं.

आणि एवढं सगळं करून हातात काय येतं, तर दहा सेकंद. पट्टीवर फक्त दहा सेकंदांचं हृदय असतं. हे मला माहीत होतं असं मला वाटत होतं.

आता दादांबद्दल. नाव-गाव सांगत नाही, द्राक्षबागवाले आहेत, वय ३६. दोन वर्षांपूर्वी रात्री २ वाजता कॅज्युअल्टीत आले, घामाने निथळत, छाती धरलेली, हाताची बोटं आखडलेली, बायको नुसती रडत होती. पट्टीत नाडी ११८, बाकी काही नाही. ट्रोपोनिन केलं, म्हणजे हार्ट अटॅक ओळखायची रक्ततपासणी, तीन तासांनी परत केलं, दोन्ही निगेटिव्ह. सकाळी "गॅसेस असतील, टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवलं. आठवड्याने परत. मग परत. आमच्या कॅज्युअल्टीत अशा पेशंटला एक शब्द आहे, "फंक्शनल", म्हणजे तपासणीत काही सापडत नाही, मनाचं असणार. डॉक्टर एकमेकांना डोळ्यांनीच सांगतात, फंक्शनल आहे, आणि पडदा सरकवून पुढच्या कॉटकडे जातात. कळ खोटी नसते हो त्यांची. मी माणसाला गुदमरताना बघितलंय आणि त्याच वेळी बोटावरचा ऑक्सिमीटर ९९ दाखवतोय. धाप लागल्यासारखा भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने ओठ-बोटं मुंग्या येऊन आखडतात, डोकं हलकं होतं, आणि माणसाला वाटतं हवा कमी पडतीये म्हणून तो अजून जोरात ओढतो. हे समजवायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं रात्री २ वाजता कुणाकडेच नसतात, त्यापेक्षा इंजेक्शन देणं सोपं. (आणि ते कागदी पिशवीत श्वास घ्यायचं सिनेमातलं करू नका कुणी, खरंच हृदयाचं किंवा दम्याचं असेल तर महागात पडतं.)

दादांना पहिला झटका बागेत आला होता, फवारणी करताना, ट्रॅक्टरवर एकटे. तेव्हापासून बागेत एकटं जाणं बंद. मग रात्री आतल्या खोलीत झोपणं बंद, कॉट आणून टाकली दाराशी, मोटारसायकलचं तोंड फाटकाकडे. घरापासून आमची कॅज्युअल्टी किती लांब हे त्यांना तोंडपाठ, रात्री २६ मिनिटं, दिवसा रेल्वेचं गेट पडलं तर ४०. लग्नकार्याला जायचं तर आधी विचारणार, तिथं जवळ दवाखाना कुठला. झटका काय, दहा-पंधरा मिनिटांत चढतो आणि अर्ध्या-पाऊण तासात उतरतो, पण तो परत येईल या धास्तीत महिनेच्या महिने जातात. पॅनिक डिसऑर्डर म्हणजे ही धास्ती, हे मला आमच्या मनोविकारवाल्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. ते मंगळवार-शुक्रवार येतात. त्यांच्या बोर्डाखाली कुणी बसत नाही, सगळे समोर दातांच्या डॉक्टरांच्या रांगेत बसतात आणि नंबर आला की पटकन पलीकडे घुसतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचं १४४१६ नंबरचं पोस्टर आमच्याकडे आहे, वॉटर कूलरच्या मागे.

दादा त्या दारातनं आत गेले तोपर्यंत वर्ष उलटलं होतं. आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं बघून झालं. मग गोळी सुरू झाली. पहिले दहा-बारा दिवस उलट जास्तच अस्वस्थ वाटलं, डॉक्टरांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून टिकले, नाहीतर निम्मे लोक इथेच गोळी सोडतात. महिन्या-दीड महिन्याने झटके कमी झाले. सोबत एक अजब व्यायाम, जे वाटायला नको तेच मुद्दाम आणायचं. जागच्या जागी मिनिटभर पळायचं, स्ट्रॉमधनं श्वास घ्यायचा, धडधड होऊ द्यायची आणि काही न करता नुसतं थांबायचं. दादांनी डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे मोटार चांगली हाय, स्टार्टरच उगं ट्रिप मारतोय." डॉक्टर आता हेच वाक्य सगळ्या शेतकऱ्यांना सांगतात, दादांचं नाव न घेता.

त्यांची ट्रेडमिल टेस्ट मीच घेतली होती. ३६ वय म्हणजे २२० वजा ३६, १८४, त्याचे ८५ टक्के म्हणजे १५६ पर्यंत नाडी न्यायची. दर तीन मिनिटांनी पट्टा चढतो आणि वेग वाढतो. पहिल्याच टप्प्यात "मॅडम थांबवा, आलं" म्हणाले. मी बीपी घेतलं, स्क्रीन त्यांच्याकडे वळवली, म्हणलं आलं तर येऊ दे, मी आहे, बाजूला डॉक्टर आहेत, चालत राहा. १५८ ला बंद केलं. उतरल्यावर घाम पुसत म्हणाले, ह्याच्यापेक्षा विहिरीच्या पायऱ्या बऱ्या. मला त्या दिवशी फार भारी वाटलं होतं, कुणाला सांगितलं नाही.

पण एक सवय सुटेना, ईसीजीची. मनोविकारवाले डॉक्टर मला सरळ म्हणाले, तुमची पट्टी ही त्यांची दारू आहे, पहिली नॉर्मल पट्टी दोन महिने पुरली, मग पंधरा दिवस, आता पार्किंगपर्यंतसुद्धा पुरत नाही. नवीन काही त्रास असेल, कॅज्युअल्टीने सांगितलं, तरच काढायचा, नुसतं मागितलं म्हणून काढायचा नाही. ठरलं. दादांनीही मान डोलावली. दोन महिने निभावलं.

मंगळवारी पावणेबाराला गर्दी नुसती ओसंडत होती, आणि दादा पावती फाडून दारात उभे. १५० रुपयांची पावती, काउंटरवर कुणी विचारत नाही कशाला म्हणून. छातीत दुखतंय का, नाही. घाम, चक्कर, काही नवीन? नाही. "तसं काय नाय ओ मॅडम, उद्यापास्नं छाटणी हाय, एकटंच जायाचंय. एकच काढा." मी म्हणलं बसा बाहेर.

तेवढ्यात एक बाई आली, तिशीची, सोबत सासू. हातात बाहेरच्या डॉक्टरांची चिठ्ठी, "अँक्झायटी, पॅनिक अटॅक, ईसीजी नॉर्मल". सासूबाई दारातनंच, "काही नाही ओ, टेन्शन लई घेते, मोबाईल बघून बघून." बाई शांत. मला तेच खटकलं खरं तर, थरथर नाही, काही नाही, नुसती पांढरी पडलेली आणि हात गळ्यावर. म्हणाली गळ्यात पाखरू फडफडतंय. किती वेळ? वीस मिनिटं. कसं सुरू झालं? "भाजी चिरत होते, एकदम." तळहात कमरेखाली ठेवायला सांगायचीही गरज पडली नाही, पट्टी स्वच्छ आली.

आठ छोटे चौकोन. दोन ठोक्यांमध्ये बरोब्बर आठ, प्रत्येक वेळी आठच. मिनिटाला पट्टीचे १५०० छोटे चौकोन सरकतात, १५०० भागिले ८, म्हणजे नाडी १८७. मशीनने वर छापलं होतं "सायनस टॅकीकार्डिया", म्हणजे नेहमीचेच ठोके, नुसते जलद. मशीनच्या त्या ओळीला मी कधीच विचारत नाही. घाबरलेल्या माणसाची नाडी ११०, १२०, १३०, थोडी वर थोडी खाली होत राहते, श्वासाबरोबर हलते, आणि प्रत्येक ठोक्याआधी एक छोटी टेकडी असते, पी वेव्ह. इथे टेकडीच नाही. नुसते सुयांसारखे ठोके, घड्याळ लावून. पडून राहिलेल्या तिशीच्या बाईची नाडी भीतीने १८७ वर अशी ठोकळ्यासारखी बसत नाही. मी पट्टी फाडून पळतच गेले.

डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले एसव्हीटी. हृदयातल्या वायरिंगचा लूप, अचानक लागतो, अचानक सुटतो. मॉनिटर लावला, दहा एमएलची सिरिंज तिच्या तोंडात दिली आणि दट्ट्या हलेपर्यंत फुंकायला लावलं, पंधरा सेकंद, मग झटकन कॉट सपाट करून पाय वर उचलले. एक पाय मी धरला होता. पंधरा सेकंद धरून ठेवायचे. दहाव्या का बाराव्या सेकंदाला मॉनिटर क्षणभर सपाट झाला, माझ्याच पोटात गोळा आला, आणि मग ठक. ठक. ९२. ती म्हणाली, "थांबलं." आणि मग रडायला लागली, इतका वेळ रडली नव्हती. सासूबाई गप्प. औषधं आहेत, लूप कायमचा जाळून टाकायचा इलाजही आहे, डॉक्टर ते सांगत बसले.

मी कंप्युटरवर तिचं नाव टाकलं, रिपोर्टला जुना नंबर लागतो म्हणून. आठ महिन्यांपूर्वीची एक पट्टी निघाली, नाडी ८४, खाली माझी सही. तेव्हा ती काय म्हणाली होती आठवत नाही, पण मी काय म्हणाले असेन ते मला पक्कं माहीत आहे, कारण मी सगळ्यांना तेच म्हणते. एकदम नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका. पट्टी बरोबरच होती. ती रिक्षातनं येईपर्यंत लूप सुटला होता, बस. पण माझ्या त्या वाक्याने पुढचे आठ महिने घरातल्यांनी तिला काय काय ऐकवलं असेल.

हे वाचून उद्या चार जण माझंही एसव्हीटीच असणार म्हणून येतील ही भीती आहेच. तसं नसतं हो, धडधडीचे पेशंट मी रोज बघते, त्यातले बहुतेक दादांसारखेच निघतात. पण विचारायला काय जातं, एकदम सुरू होतं का हळूहळू चढतं, एकदम थांबतं का उतरत जातं. चिठ्ठी लिहिणाऱ्या कुणीच तिला हे विचारलं नव्हतं. मीही नव्हतं.

पडदा बाजूला केला तर दादा समोर उभे. सगळं ऐकलेलं. चेहरा उतरलेला. "मॅडम, माझंबी असंच सुटलेलं आसंल तर?"

आता काय सांगायचं? नाही म्हणाले तर तेच वाक्य परत. पट्टी काढली तर दोन महिने पाण्यात. त्यांच्या खताच्या कंपनीच्या पिशवीत २३ ईसीजी आहेत, तारखेप्रमाणे लावलेले, त्यातल्या नऊंवर माझं अक्षर. मी पिशवी घेतली आणि ऐन झटक्यातल्या तीन काढल्या, बोटं आखडलेली असतानाच्या. म्हणलं बघा, तुम्ही त्या बाईंसारखे निसटलेले नाही, तुम्हाला रंगेहाथ पकडलंय. ही टेकडी दिसते का प्रत्येक ठोक्याआधी? पेन्सिलने एकेक दाखवली. त्यांनी बोट ठेवून सगळ्या मोजल्या. चांगलं झालं का, तर माहीत नाही, डॉक्टर म्हणतील पट्टी नाही काढली पण तीच दारू जुन्या बाटलीतनं पाजलीस. मलाही तसंच वाटतंय थोडं.

मग मी म्हणलं, दहा मिनिटं बाहेर बसा, काही करू नका, ऑक्सिमीटर बोटाला लावायचा नाही, तेवढ्यानंतरही पाहिजे असेल तर काढते. पावती माझ्याकडे ठेवून घेतली. पुढे दोन पेशंट झाले, एक स्ट्रेचरवरनं आला, मी बाहेर डोकावले तेव्हा वीस मिनिटं होऊन गेलेली. बाकावर कुणी नाही. वॉचमन म्हणाला गेले, गाडी काढून. बागेकडे गेले का समोरच्या दवाखान्यात नवी पावती फाडायला गेले ते त्याने बघितलं नाही.

संध्याकाळी काउंटरवाल्याने विचारलं, हिशेबात एक ईसीजी कमी येतोय, पेशंट झाला का नाही. म्हणलं नाही झाला. मग कॅन्सल करायला साहेबांची सही लागेल, आणि कारण लिहावं लागेल, म्हणाला. अजून लिहिलेलं नाही. पावती ड्रॉवरमध्येच आहे.