अर्ज कन्नडात का दिला?

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून मला का काढलं, याच्या बेळगावात आता वेगवेगळ्या गोष्टी फिरतायत. खरं कारण एवढंच, की मी कन्नडात अर्ज लिहिला.

आमचं मराठी विद्यार्थ्यांचं मंडळ. १ जूनला हिंडलग्याला कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांना अभिवादन, १ नोव्हेंबरला बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची काळ्या दिनाची फेरी, आणि खानापूर भागातल्या मराठी शाळांना वह्यावाटप. वह्यांसाठी बाजारात वर्गणी. मी बी.कॉम.ची, म्हणून यंदा हिशेब माझ्या गळ्यात.

शहापूरच्या एका कापड दुकानाच्या पावतीच्या, आमच्या पुस्तकात राहणाऱ्या स्थळप्रतीवर १०१ रुपये होते. आईची साडी बदलायला तिथं गेले, तर गल्ल्यामागच्या खिळ्याला त्याच नंबरची पावती टोचलेली, ५०१ ची. घरी येऊन पुस्तक उघडलं. बाकीच्या पानांवर कार्बनचा फिकट ठसा, या पानावर मात्र बॉलपेननं सावकाश काढलेलं अक्षर, त्यात मालकांचं आडनावही चुकलेलं. मग गणपत गल्ली, खडेबाजार पालथा घातला. तीच तऱ्हा.

बैठकीत विचारलं, तर पदाधिकारी दादा म्हणाले, "हे भायेर गेलं तर कन्नडवाल्यांच्या हातात आयतं कोलीत. कळतंय न्हवं तुला?" सीमाभागात हे वाक्य आलं की समोरच्यानं खाली बसायचं असतं. पण महाराष्ट्राचा सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. निकाल लागेपर्यंत वह्यांचा हिशेबही तुंबवायचा?

मंडळ नोंदलेलं आहे, आणि गंमत म्हणजे कर्नाटकाच्याच १९६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली. तेव्हा संस्था निबंधकांकडे अर्ज केला. वाचणाऱ्याला एका दमात कळावा म्हणून कन्नडात. शाळेत शिकलेच आहे की. त्याचा फोटो कुणीतरी फोडला आणि पावत्या राहिल्या बाजूला. मराठीतून सरकारी कागद मिळावेत म्हणून मीही फलक धरून उन्हात उभी राहिलेय, ती मागणी रास्तच आहे. पण तिच्या पदराआड ४०० रुपये लपवायचे नसतात.

लॉ करणारा मित्र म्हणाला, अभिव्यक्तीवर घाला आहे, घटनेतलं १९(१)(अ) काढ. अरे, तो हक्क मुळात सरकारपुढचा, ग्रुप ॲडमिनपुढं कुठं काढत बसू? जागल्यांसाठीचा, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठीचा, २०१४ चा कायदाही सरकारी नोकरांच्या गैरकारभारापुरता. मंडळातल्या पोरीला त्यात कुठली जागा! एका कन्नड संघटनेच्या मुलानं मात्र व्यासपीठ देऊ केलं. त्याला म्हटलं, आधी तुमचं पावतीपुस्तक दाखव. पुन्हा फोन नाही.

मला 'फितूर' म्हणणारी पोस्ट रिपोर्ट करूया, असं मैत्रीण म्हणते. कशाला? हिशेब मागायला मला तोंड आहे, तसं शिव्या द्यायला त्यांनाही आहे. मी त्या पोस्टखाली पावती आणि स्थळप्रत शेजारीशेजारी ठेवून काढलेला फोटो टाकलाय, दुकानदाराचं नाव झाकून. १०१ आणि ५०१ वर अजून कुणी बोललेलं नाही. माझ्या कन्नड अर्जातल्या शुद्धलेखनाच्या चुका मात्र दादांच्या माणसांनी शोधून काढल्यात.