आधी बाटलीत बुडवा, मग बोटीला लावा

जुना जेलकोट (फायबरच्या बोटीवरचा बाहेरचा रंगीत थर) उतरवायला गेला नाही एवढा वेळ माझा चमकीच्या एका पुडीने खाल्ला. राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

बोट चौदा फुटी, फायबरची, भंगाराच्या भावात आणलेली. १९६०-७०च्या दशकांत अमेरिकेत स्पीडबोटींना चमकीचा जेलकोट मारायचे, तसा लालभडक मला हवा होता. अंबडच्या शेडमध्ये घासणं, भेगा भरणं सगळं बिनबोभाट झालं. एवढंच सांगतो, ग्राइंडर लावण्याआधी जुनं वॅक्स पुसून काढा. नाहीतर ते घासता घासता आत मुरतं आणि नवा थर धरत नाही.

मग चमकी. "मरीन ग्रेड आहे, डोळे झाकून न्या," दुकानदार म्हणाला. मी घरी येऊन चिमूटभर काचेच्या बाटलीत टाकली, वर स्टायरीन ओतलं, झाकण लावून रात्रभर ठेवली. जेलकोट म्हणजे पॉलिएस्टर रेझीन आणि ते पातळ राहतं स्टायरीनमुळेच. जी चमकी त्यात टिकत नाही ती बोटीवर काय टिकणार? सकाळी बाटलीत रोझ सरबत आणि तळाला पांढरट चांदीचा चुरा.

खऱ्या फ्लेकमध्ये, म्हणजे जेलकोटसाठीच्या चमकीत, पॉलिएस्टर फिल्मवर ॲल्युमिनियमचा मुलामा असतो, त्यावर इपॉक्सीचं रंगीत कोटिंग. त्यामुळे स्टायरीन तिच्या रंगाला हात लावत नाही. मखराला लावतात ती स्वस्त चमकी दिसायला डिट्टो तशीच.

बाटली घेऊन दुकानात गेलो. "साहेब, बोट काय बाटलीत बुडवणार आहात?" गिऱ्हाइकं हसली. मग त्याने आतून 'इंपोर्टेड' पुडी काढली, भाव जास्त. तिचंही सरबतच झालं. परत गेलो तर "फोडलेला माल परत होत नाही", वर सल्ला, की वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक जेलकोट, मारलं की रंग लॉक होतो. अरे, क्लिअर जेलकोटमध्येही स्टायरीनच असतं! ते चमकीवर ओतलं तर रंग लॉक होईल की धुऊन निघेल? हे त्याला समजावत काउंटरवर उभा राहिलो, तो फोनवर दुसऱ्याला हार्डनरचा (जेलकोट घट्ट करणाऱ्या रसायनाचा) भाव सांगत होता.

इकडे मे महिना. शेडचा पत्रा तापलेला, त्याखाली क्लिअरचा डबा. जेलकोटचं आयुष्य मुळात काही महिन्यांचं, उन्हाळ्यात त्याहून कमी. दुपारनंतर वळवाचे ढग यायला लागले की माझं डोकं फिरायचं.

शेवटी पुण्यात बुलेटच्या टाक्या रंगवणाऱ्या एका पोराने फ्लेक मिळवून दिली, ०.००८ इंचाची. विचारायच्या आधीच म्हणाला, "काका, अर्धा चमचा आधी स्टायरीनमध्ये टाकून बघा." बघितली. स्टायरीन स्वच्छ, चमकी लाल. त्या पोराला मी दोनदा फोन करून थँक्यू म्हटलं.

पुढचं काम सरळ आहे. खाली चमकीच्याच रंगाचा बेस जेलकोट मारा, म्हणजे चमकी कमी लागते. फ्लेक क्लिअरमध्ये मिसळून मोठ्या नोझलच्या कपगनने (कप लावलेल्या स्प्रेगनने) मारायची आणि ढवळत राहायचं, ती खाली बसते. वरून क्लिअरचे भरपूर थर. वॅक्स सोल्युशन फक्त शेवटच्या थरात, कारण पृष्ठभाग हवेमुळे चिकट राहू नये एवढ्यापुरतंच ते असतं. मधल्या थरात गेलं तर वरचा थर सुटतो.

स्प्रे सकाळीच उरका. दुपारी हार्डनर घातलेलं मटेरियल कपातच दगड होतं. पण त्यावर उपाय म्हणून हार्डनर एक टक्क्याच्या खाली आणू नका, मग ते कधीच नीट सुकत नाही. आणि हो, कोबाल्ट (सुकणं वेगवान करणारं रसायन) वेगळा घालत असाल तर तो आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही ओतू नका, भडका उडतो. चष्मा आणि वाफेचा कार्ट्रिज मास्क हवाच. साधा कापडी मास्क काही कामाचा नाही.

शेवटी वॉटर पेपर ४०० नंबरपासून १५०० पर्यंत, मग पॉलिशचं कंपाउंड. घासायचं फक्त क्लिअर. कागद चमकीला लागला की लाल कोटिंग उडतं आणि चांदीचा ठिपका दिसतो. त्यावर पुन्हा चमकी आणि पुन्हा क्लिअर. कडांवर तर ग्राइंडर नकोच, हातानेच घासा.