नुसतं "वा वा" नको, जागा सांगा

आमच्या गाण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री जेवणं आटपली की क्लिपा यायला लागतात, कोणी कराओके, कोणी पेटीवर अभंग, एक मुलगा नुकताच बासरी शिकतोय, आणि खाली टाळ्यांचे इमोजी, "वा", "क्या बात", बस. मीपण तेच करायचो. मग एकदा वाटलं, खरं सांगायला पाहिजे, म्हणून एका काकांना सगळ्यांसमोर लिहिलं, "काका, लय सांभाळा, मागे पडताय." त्यानंतर दीड महिना त्यांनी एकही गाणं टाकलं नाही. रिटायर झाल्यावर हौसेनं गायला लागलेला माणूस हो.

आणि मी सांगितलं तेही चुकीचंच होतं. नंतर फोनवर बोलताना कळलं, ते ब्लूटूथ इयरफोन लावून रेकॉर्ड करतात. साध्या ब्लूटूथवर ट्रॅक कानापर्यंत पोचायला दीड-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात, माणूस जे ऐकू येतं त्यावर बरोबरच गातो पण ॲप तो आवाज मूळ ट्रॅकवर बसवतं तेव्हा सगळं मागे सरकलेलं असतं. मिनिटाला 120 मात्रांचा, म्हणजे ठोक्यांचा, केरवा ताल धरा, एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे मात्रेचा साधारण तिसरा हिस्सा गेला की! वायरचा इयरफोन लावल्यावर काकांचे शब्द समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, चपखल बसायला लागले.

तेव्हापासून मी आधी विचारतो, कशावर रेकॉर्ड केलं, पट्टी कुठली, म्हणजे सा कुठल्या उंचीवर धरलाय. पट्टीचं तर फार होतं. ट्रॅक बहुतेक मूळ गायिकेच्या पट्टीत असतो, घरी काळी तीनमध्ये (पेटीची तिसरी काळी पट्टी सा धरून) मोकळं गाणारी बाई ट्रॅकबरोबर त्याहून उंच काळी पाचमध्ये गळा ताणत असते आणि आपण लिहितो, वरचा सा लागत नाहीये. अहो लागेल कसा, ट्रॅक खाली उतरवून गा म्हणावं, बऱ्याच ॲपमध्ये ती सोय असते.

आणि हे सगळं पर्सनलवर, ग्रुपवर नाही.

दुसरं म्हणजे जागा सांगायची, नेमकं कुठे बिघडतंय ती. "सूर हलतोय" एवढं ऐकून समोरच्यानं करायचं काय? परवा बासरीवाल्या मुलानं भीमपलास रागातली एक धून टाकली, सुरेल होती पण मध्ये काहीतरी टोचत होतं, चार वेळा ऐकली तेव्हा सापडलं. त्याला लिहिलं, सुरुवातीची मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) मस्त आलीये, ती तशीच ठेव, पण 41 व्या सेकंदाला मध्यम, म्हणजे म, चढा लागतोय, हवा त्याहून उंच, बासरीवर शुद्ध म अर्ध्या भोकाचा ना, तुझं बोट तिथे जास्त उचललं जातंय आणि सूर त्याच्या वरच्या तीव्र मकडे सरकतोय. तानपुरा लावून नुसतं ग म ग कर, दहा मिनिटं, बाकी काही नको. त्याच्या फुंकेबद्दलही सांगण्यासारखं होतं पण मुद्दाम नाही लिहिलं, एका वेळी एकच गोष्ट हातात बसते.

दुसऱ्या दिवशी त्यानं ग्रुपवर धून नाही, फक्त ग म ग टाकलं, वीसेक सेकंदांचं. पहिल्या दोन वेळा म चढाच होता. खाली इमोजींच्या रांगेत काकांनी लिहिलं होतं, "तिसऱ्यांदा लागला बघ, तिथेच बोट ठेव."