गथच्या जळक्या विटा : पलिष्टी नगरातील उत्खननाचा माझा अनुभव

बायबलमधील २ राजे या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात एक त्रोटक नोंद आहे. अरामाचा, म्हणजे सीरियातील दमास्कसच्या राज्याचा, राजा हजाएल पलिष्टी लोकांच्या गथ नगरावर चालून गेला, त्याने ते काबीज केले आणि मग यरुशलेमकडे मोर्चा वळवला, एवढेच ती नोंद सांगते. लढाई कशी झाली, नगराचे पुढे काय झाले, किती माणसे मेली, यांपैकी काहीही तिथे नाही. पुण्यात पुरातत्त्वाचे शिक्षण घेताना माझा सगळा सराव महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींवर झाला होता. इनामगावसारख्या पांढरीच्या टेकाडावर लिखित पुरावा नसतोच. माती, खापरे, हाडे आणि धान्य यांच्यावरच सगळा इतिहास उभा करावा लागतो. जिथे ग्रंथ हाताशी आहे तिथे पुरातत्त्वज्ञ माती कशी वाचतो, ग्रंथ त्याला मदत करतो की त्याची नजर आधीच ठरवून टाकतो, हे प्रत्यक्ष काम करून समजून घ्यावे, या इच्छेने मी गथच्या उत्खननात स्वयंसेवक म्हणून सहभागी होण्यासाठी अर्ज केला.

आज तेल एस्-साफी या नावाने ओळखले जाणारे हे टेकाड किनारपट्टीचे मैदान आणि यहूदाचा डोंगराळ प्रदेश यांच्या मधल्या शफेला नावाच्या टेकड्यांच्या पट्ट्यात, एला खोऱ्याच्या तोंडाशी आहे. ब्लिस आणि मॅकॅलिस्टर यांनी १८९९ मध्ये तिथे पहिले उत्खनन केले. त्यानंतर जवळजवळ शतकभर फारसे काही झाले नाही. बार-इलान विद्यापीठाच्या आरन माएर यांनी १९९६ मध्ये नव्याने काम सुरू केले आणि ते २०२१ पर्यंत चालले. त्या शेवटच्या काही हंगामांपैकी एकात मी होते.

अर्जाची प्रक्रिया सरळ होती. आधीच्या उत्खननांचा तपशील, विद्यापीठाचे पत्र, उन्हात शारीरिक काम करता येईल असे डॉक्टरांचे प्रमाणपत्र, धनुर्वाताची लस, आरोग्य विमा आणि राहण्याजेवण्याचे शुल्क, एवढ्यावर काम भागले. विमानतळावर कुठे जाणार, कोणाला ओळखता, एवढ्या लांबून माती खणायला का आलात, अशी बारकाईने चौकशी होते. उत्खननाचे पत्र छापून हातात ठेवलेले असले की ती लवकर आटोपते.

निवासाची सोय जवळच्या रेवादीम या किबुत्झवर, म्हणजे सामूहिक शेतवसाहतीवर, होती. पहाटे अंधारात बस निघायची आणि उजाडताना आम्ही चौकोनांवर पोहोचायचो. दुपारी एकनंतर तिथे काम करणे अशक्य होते, म्हणून त्याआधी सगळे उरकावे लागे. पद्धत मला ओळखीची होती: पाच मीटरचे चौकोन, त्यांच्यामध्ये राखलेले मातीचे बांध आणि त्या बांधांच्या उभ्या छेदांत दिसणारे थर. फरक होता तो नोंदींच्या काटेकोरपणात. मातीचा रंग, घट्टपणा किंवा पोत बदलला की त्या ठिकाणी नवा लोकस (वेगळा नोंदवलेला मातीचा भाग) धरून त्याला क्रमांक पडे आणि त्या लोकसमधून निघालेल्या प्रत्येक बादलीला वेगळी चिठ्ठी लागे. पातिश म्हणतात त्या लहान टिकावाचा घाव घालून झाला की लगेच थांबून माती न्याहाळायची, अशी सक्त सूचना असे. कारण हजाएलच्या काळातील मानला जाणारा थर आणि त्यावरची नंतरची भर यांत कित्येकदा चार बोटांचे अंतर असे, आणि दोन्हींची खापरे एका बादलीत गेली की त्या बादलीचा कालनिर्णयासाठी काही उपयोग राहत नसे.

दुपारनंतर खापरे धुणे आणि त्यांचे वाचन चाले. धुतलेली खापरे जाळीवर वाळली की बादलीनुसार टेबलावर मांडली जात. काठ, बूड, कान आणि रंगकाम असलेले तुकडे एका बाजूला निवडले जात; अंगाचे साधे तुकडे मोजून बहुतेक वेळा टाकून दिले जात. आमच्या चौकोनाच्या प्रमुख बाई काठाचा तुकडा बोटांत धरून त्याचा कल पाहत आणि भांड्याचा प्रकार सांगत. इसवी सनपूर्व नवव्या शतकातील पलिष्टी भांड्यांवर लाल लेप देऊन ते घोटून चकचकीत केलेले असते आणि वर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या ओढलेल्या असतात. ती एकदा हाताळली की पुन्हा ओळखायला वेळ लागत नाही. मात्र हे वाचन चालू असताना राजाचे नाव कोणी घेत नसे, आणि ही शिस्त मला फार मोलाची वाटली. टेबलावर चर्चा व्हायची ती केवळ आकारांची आणि त्यांच्या तुलनेची: असाच काठ शेजारच्या कोणत्या टेकाडावर, कोणत्या थरात मिळाला आहे एवढीच.

विनाशाचा थर मी पहिल्यांदा जवळून पाहिला तो कोसळलेल्या विटांच्या ढिगात. कच्च्या मातीच्या विटा मूळच्या करड्या-तपकिरी. पण इथे त्या शेंदरी, लाल, काही ठिकाणी काळ्या पडलेल्या होत्या. ढिगाखाली राखेचा पातळ पापुद्रा होता आणि त्या राखेत साठवणीच्या रांजणाचे तुकडे जागच्या जागी चेपून पडले होते, असे की रांजण कुठे उभा होता ते जमिनीवर दाखवता यावे. राख आणि तुकड्यांमधली माती वेगळी गोळा केली जाई, कारण त्यात ऑलिव्हच्या बिया किंवा जळके धान्य मिळण्याची शक्यता असते. रेडिओकार्बन कालमापनासाठी, म्हणजे सेंद्रिय वस्तूतील किरणोत्सारी कार्बन मोजून तिचे वय ठरवण्यासाठी, अशा बिया लाकडापेक्षा कितीतरी भरवशाच्या असतात. तुळई घर जळण्याच्या शंभर वर्षे आधी तोडलेल्या झाडाची असू शकते, तर रांजणातले धान्य त्याच एकदोन वर्षांतले असते.

विटांमधून चुंबकीय नमुनाही घेता येतो, हे मी तिथे शिकले. वीट जागची हलवण्याआधी तिचा एक सपाट पृष्ठभाग साफ करतात, त्यावर क्षितिजसमांतर रेघ आणि उत्तरेची खूण काढतात, कल व दिशा मोजून लिहून ठेवतात आणि मगच तो तुकडा सोडवतात. या खटाटोपाचे कारण असे की मातीत लोहखनिजांचे सूक्ष्म कण असतात. ते पुरेसे तापले, मॅग्नेटाइट या लोहखनिजाच्या बाबतीत सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या वर गेले, की त्यांचे जुने चुंबकत्व पुसले जाते, आणि थंड होताना ते त्या क्षणीच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा व तीव्रता धरून ठेवतात. पृथ्वीचे हे क्षेत्र स्थिर नसते. शतकाशतकाला ते बदलते. म्हणून जळालेल्या विटेत आगीच्या दिवसाची एक नोंद शिल्लक राहते, आणि ती ना कुणा राजाच्या लेखनिकाने केलेली असते ना यरुशलेमच्या इतिहासकाराने.

संध्याकाळी व्याख्याने असत. एका व्याख्यानात टेकाडाभोवती खडकात खोदलेल्या, दोन किलोमीटरहून अधिक लांब अशा प्रचंड खंदकाची चर्चा झाली. उत्खनन करणाऱ्यांच्या मते हजाएलच्या सैन्याने वेढ्यासाठी तो खोदला. यहूदातील लाखीश या प्राचीन नगराचे उत्खनन करणारे डेव्हिड उसिश्किन यांनी मात्र हा अर्थ मान्य केलेला नाही. हा मतभेद प्रकल्पातल्याच लोकांनी विद्यार्थ्यांसमोर मोकळेपणाने मांडला, दोन्ही बाजूंचे आधार दाखवले आणि निर्णय ऐकणाऱ्यांवर सोडला.

शब्बाथच्या सुट्टीत मी अश्दोदला एका बेने इस्राएल (मूळच्या कोकणातल्या ज्यू) कुटुंबाकडे गेले होते. तिथल्या आजी अलिबागकडच्या; इतक्या वर्षांनंतरही त्यांचे मराठी अस्सल कोकणी वळणाचे होते. मी गथला खणते हे कळल्यावर त्यांनी लगेच विचारले, “मग हजाएलाचं नाव कुठं कोरलेलं सापडलं काय गो?” त्यांचा प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा होता. गथमध्ये त्याच्या नावाचा लेख मिळालेला नाही. नवव्या शतकाच्या उत्तरार्धातील खापरे, त्याच सुमाराच्या रेडिओकार्बन तारखा, अचानक आणि समूळ झालेला विनाश आणि राजांच्या ग्रंथातील नोंद, असे चार दोर एकत्र वळून इसवी सनपूर्व ८३० च्या आसपासचा हजाएल तिथे बांधला आहे. तेल दान येथे १९९३-९४ मध्ये मिळालेला, बहुतेक अभ्यासक हजाएलचाच मानतात तो अरामी शिलालेख त्याच्या मोहिमांची साक्ष देतो. पण त्याच्या उपलब्ध तुकड्यांत गथचा उल्लेख नाही. हे मी आजींना सांगितले आणि त्यांना ते पटले.

हंगामाच्या अखेरीस चौकोन झाडून स्वच्छ केले, छायाचित्रे काढली, छेदांची रेखाटने पुरी केली आणि उघडी जमीन कापडाने झाकून वाळूच्या पोत्यांनी दाबून ठेवली. माझ्या दृष्टीने प्रक्रियेचा खरा शेवट मात्र भारतात परतल्यावर, शोधनिबंध वाचताना झाला.

२०२२ मध्ये योआव वाकनीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७ स्थळांवरील २१ विनाशथरांच्या चुंबकीय नोंदी एकत्र प्रसिद्ध केल्या. गथच्या जळक्या थरातील नोंद तेल रेहोव्ह, तेल झायित आणि होर्वत तेवेत येथील थरांशी जुळली. म्हणजे ही ठिकाणे एकाच सुमारास जळाली असावीत, आणि हजाएलची मोहीम एका नगरापुरती नव्हती या मताला त्यामुळे बळ मिळाले. बेथ-शानचा विनाशथर मात्र जुळला नाही. तो हजाएलच्याच खाती मांडण्याचा प्रस्ताव होता, पण मापनानुसार तो सत्तर ते शंभर वर्षे आधीचा ठरला. ज्या पद्धतीने गथच्या बाबतीत अपेक्षा पुरी केली तिनेच बेथ-शानच्या बाबतीत ती मोडली, हे मला तिच्या विश्वासार्हतेचे सर्वांत चांगले लक्षण वाटते.

२०२३ चा निबंध तर थेट गथच्या विटांवरच होता. तिथल्या एका भिंतीतील विटा भाजलेल्या आहेत. त्यावरून काही संशोधकांनी २०११ मध्ये असे मांडले होते की त्या भट्टीत भाजूनच भिंतीत बसवल्या होत्या. हे खरे असते तर या प्रदेशातील बांधकामाच्या इतिहासाला वेगळेच वळण मिळाले असते, कारण भट्टीतल्या विटांचा वापर तिथे पुष्कळ नंतरचा, रोमन काळातला मानला जातो. वाद सोडवणारा युक्तिवाद अत्यंत सुंदर आहे. भट्टीतून काढलेल्या विटा गवंडी हव्या तशा फिरवून लावतो, त्यामुळे भिंतीत त्यांच्या चुंबकीय दिशा विस्कळीत असायला हव्यात. प्रत्यक्षात भिंतीतल्या विटांची आणि खाली कोसळलेल्या ढिगाऱ्याचीही दिशा एकच निघाली. म्हणजे सगळे जागेवरच भाजले, तापलेले असतानाच कोसळले आणि पडल्या जागी थंड झाले. एका आगीचा, काही तासांचा हा वृत्तांत आहे.

या पद्धतीचे मोल पुढच्या शतकांसाठी आणखी वाढते. इसवी सनपूर्व सुमारे ८०० ते ४०० या काळात रेडिओकार्बनचे मोजमाप वर्षांत बदलणारा आलेख जवळजवळ सपाट होतो आणि तारखा शतकाशतकांनी पसरतात; नेमके याच काळात लाखीश आणि यरुशलेम यांचे विनाश येतात. चुंबकीय क्षेत्र मात्र त्या शतकांतही बदलत राहिले होते, त्यामुळे तिथे विटा अधिक बारीक उत्तर देऊ शकतात.

पण वाचकाने इथे एक गोष्ट तपासली पाहिजे. चुंबकीय आलेख आकाशातून पडत नाही. ज्यांच्या तारखा आधीच ठाऊक आहेत अशा थरांवर तो टेकलेला असतो. अश्शूरचा राजा सन्हेरीब याने इसवी सनपूर्व ७०१ मध्ये जाळलेले लाखीश आणि बाबेलच्या सैन्याने इसवी सनपूर्व ५८६ मध्ये जाळलेले यरुशलेम हे त्यातले मुख्य आधार आहेत, आणि त्यांच्या तारखा अश्शूरी व बाबेली लेखांतून आणि बायबलमधून आलेल्या आहेत. त्यामुळे ग्रंथ या पद्धतीच्या बाहेर उभा नाही, तो तिच्या पायातच आहे. लाखीशच्या बाबतीत हे मला निर्धोक वाटते, कारण तिथे अश्शूरची राजधानी निनवे येथील राजवाड्यातील शिल्पपट, अश्शूरी इतिवृत्त आणि उत्खननातील वेढ्याचा चढाव हे तीन पुरावे एकमेकांना स्वतंत्रपणे आधार देतात. जिथे आधाराचा थर फक्त एका ग्रंथवचनावर उभा असेल, तिथे त्यावरून काढलेली दुसऱ्या स्थळाची तारीख मी माझ्या टिपणांत वेगळ्या रकान्यात लिहिते.