मुंबई बंदरासाठी आम्ही शाफ्टची बोट का घेतली

चाळीस फुटांच्या आसपासची, वेगाने पळणारी जुनी मोटरबोट शोधायला लागलो तेव्हा दाखवणारे सगळे इंजिन आणि केबिनवर भरभरून बोलायचे. इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत पोहोचते कशी, हा विषय अगदी शेवटी निघायचा. बोट वर्षानुवर्षं आपल्याच पाण्यात ठेवायची असेल तर सुरुवात तिथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

आउटड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या मागच्या भिंतीला लागून बसतं आणि पंख्याचा अख्खा पाय बाहेर लटकतो. तोच वळतो, तोच वर उचलला जातो. व्होल्वो पेंटाने 1959 मध्ये आपला अ‍ॅक्वामॅटिक हा आउटड्राइव्ह आणला. पुढे 1982 मध्ये एकाच पायावर उलटसुलट फिरणारे दोन पंखे आले. शाफ्टची रचना त्याहून जुनी आणि साधी: तळातून तिरका बाहेर पडणारा दांडा, टोकाला पंखा, मागे सुकाणू.

कागदावर आउटड्राइव्ह सरस ठरतो, हे मान्यच करायला हवं. शाफ्ट तिरका असल्याने काही जोर वाया जातो. आउटड्राइव्हचा रेटा जवळजवळ सरळ मागे जातो. म्हणून तेवढ्याच इंजिनात वेग थोडा जास्त, डिझेल थोडं कमी. इंजिन मागे सरकल्यामुळे मधे ऐसपैस केबिन निघते. किहीमसारख्या किनाऱ्याजवळ पाय थोडा वर घेऊन उथळ पाण्यात शिरता येतं. घरच्यांचा कल त्यामुळे तिकडेच होता.

मग मी आमच्या वापराचा हिशेब मांडला. गेटवे ते मांडवा सरळ अंतर साधारण 8 सागरी मैल. 28 नॉटने (म्हणजे तासाला 28 सागरी मैल) सतरा मिनिटं, 22 नॉटने बावीस. पाच मिनिटांसाठी काय पत्करायचं, एवढाच प्रश्न उरला.

आमची बोट नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरते ती पावसाळ्याच्या तोंडावरच बाहेर निघते. मधला सगळा काळ मूरिंगवर, म्हणजे पाण्यातच एका जागी बांधून ठेवलेली, कोमट खाऱ्या पाण्यात. इथे शेवाळ आणि कालवं फार झपाट्याने धरतात. आउटड्राइव्हचा पाय अ‍ॅल्युमिनियमचा. तांब्याचा अंश असलेला तळाचा नेहमीचा रंग त्याला चालत नाही, लावला तर धातूच खाल्ला जातो. वेगळा रंग लावला तरी सांधे आणि पाणी ओढायच्या फटी उघड्या राहतात. त्यात रबरी बेलोज, म्हणजे पाणी आत येऊ न देणारी घड्यांची रबरी नळी. पाय वळावा म्हणून ते लवचीक असतात आणि पाण्याच्या पातळीखाली असतात. कालवांच्या धारेने किंवा वयाने ते फाटले, तर आधी बेअरिंग जातं आणि दुर्लक्ष झालं तर बोटीत पाणी शिरू शकतं. ते ठरलेल्या मुदतीत बदलावे लागतात आणि त्यासाठी बोट बाहेर काढावी लागते. आपल्याकडे क्रेन मिळणं, भरतीची वेळ साधणं, कारागीर मोकळा असणं, हे तिन्ही एकदम जुळवताना किती धावपळ होते ते इथल्या बोटवाल्यांना सांगायला नको.

शाफ्टलाही देखभाल लागतेच. दांडा बाहेर पडतो तिथे पाणी अडवणारा ग्लँड, पाण्यातल्या ब्रॅकेटमधलं रबरी बेअरिंग, बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे. पण ग्लँड आत उतरून डोळ्यांनी बघता येतो, हाताने चाचपता येतो. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

शाफ्टविरुद्धचा सगळ्यात वजनदार मुद्दा आमच्या तांडेलकाकांनी मांडला. "साहेब, जाळं अडकलं तर आउटड्राइव्हवाला पाय वर करून कापून टाकेल. आपल्याला पाण्यात उतरावं लागेल." खरं आहे. बंदरात डोल जाळी आहेत, तुटलेले दोर आणि प्लास्टिक वाहत असतं. शिवाय खडक लागला तर शाफ्ट वाकतो. म्हणून दोन इंजिनांच्या दोन्ही शाफ्टना दोर कापणारी पाती बसवणं आम्ही खर्चात आधीच धरलं.

माझा निर्णय मात्र मांडव्याच्या धक्क्याजवळ पक्का झाला. उधाणाची ओहोटी लागलेली, वारा आडवा. काकांनी सुकाणू मधे ठेवलं, एक इंजिन पुढे, एक मागे टाकलं, आणि बोट जागच्या जागी फिरली. दोन पंखे एकमेकांपासून लांब आणि मोठे असल्याने शाफ्टला हे जमतं. जवळजवळ लावलेल्या दोन आउटड्राइव्हना मंद वेगात एवढा पीळ देता येत नाही.

सौदा करण्याआधी सर्व्हेअरने बोट वर काढून शाफ्ट हलवून बेअरिंगची ढिलाई पाहिली, गिअरबॉक्सच्या तेलाचा नमुना तपासायला पाठवला. समुद्रातल्या चाचणीत इंजिनं थंड असतानाच सुरू करायला लावली. पूर्ण थ्रॉटलवर 3,500 आरपीएमची अपेक्षा होती, गाठले 3,350, आणि धूर काळा. तळ नुकताच घासलेला होता, म्हणजे पंख्यांचा पिच (एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर) इंजिनाला जड होता. असं इंजिन कायम ओझ्याखाली चालतं. किंमत ठरवताना आम्ही ते काम मालकाकडे दिलं. दोन्ही पंख्यांचा पिच एक इंचाने कमी करून घेतला, पुन्हा समुद्रात गेलो, आणि काटा 3,500च्या वर स्थिरावलेला पाहूनच उरलेले पैसे दिले.